काकांचा तळवा आणि माझी हार्ड डिस्क

परवा रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, "रात्रभर चक्की चालवतोस का रे?"

आता हे काका कोण, तर कानात मशीन नसेल तर स्वतःच्या दारावरची बेल ज्यांना ऐकू येत नाही ते. टीव्ही असा लावतात की बातम्यांमधली भांडणं मला पलंगावर झोपून शब्दन्‌शब्द कळतात. आणि ह्यांची झोप मोडली कोणी, तर माझ्या कॉम्प्युटरने! जो मी एकेक पार्ट निवडून, स्वतःच्या हाताने जोडलाय. असो.

मी म्हटलं, "काका, पंखा असेल." तोवर ते आत येऊन फरशीवर मांडी घालून बसलेसुद्धा. कानातलं मशीन काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळवा ठेवून डोळे मिटले. नाडी बघतात तसं. मी "काका, ते गरम असतं" वगैरे बोलतोय, पण कान खिशात, त्यामुळे मी आपला भिंतीशी बोलतोय. चांगला मिनिटभर हा कार्यक्रम चालला.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "दोघं आहेत."

"काय?"

"दोघं गातायत. एक जण किंचित उतरलेला आहे. तंबोरा जुळलेला नाही तुझा." आणि मोकळ्या हाताने लाट काढून दाखवली, "हे बघ, येतं... जातं... येतं..."

डोक्यातच गेलं माझ्या. कारण आत खरंच दोन डिस्क आहेत, दोन्ही ७२०० आरपीएमच्या, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०, म्हणून ती १२० हर्ट्झची घूं. पण दोघींचा वेग अगदी तंतोतंत कधीच जुळत नाही, त्या बारीकशा फरकामुळे आवाज फुगतो आणि ओसरतो. हे कळायला मला दोन महिने लागले, त्यातला दीड महिना मी बिचाऱ्या पंख्याला शिव्या देत होतो. ह्यांना एक मिनिट!

खरं तर डिस्क स्वतः फार ओरडत नाही, ती थरथरते, आणि तिला स्क्रूने आवळून बसवलेला कॅबिनेटचा पत्रा ढोल होतो. मग टेबल, मग फरशी, मग काकांचा पलंग. मी रबरी वॉशर लावले होते हो, पण स्क्रू इतके पिळले की रबर चपटं होऊन नावापुरतं उरलं. चूक माझीच. पण अंगठ्याने दाबला तरी वाकतो असला पत्रा विकणाऱ्यांना कोणी काही बोलणार आहे की नाही?

काका गेल्यावर ईर्ष्येने डिस्क स्पंजात गुंडाळल्या. अर्ध्या तासात तापमान पन्नाशीपार, काढल्या. शेवटी जुन्या ट्रॅक पँटचं इलॅस्टिक उसवलं आणि सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खणांत आडवे पट्टे ताणून दोघींना झोपाळ्यात टांगलं. कुठेही पत्र्याला टेकायचं नाही, चहूबाजूंनी हवा खेळती. घूं गायब! डिस्कवरचं वाचणारं-लिहिणारं हेड इकडून तिकडे पळतानाची खरखर उरली, पण ती हवेतून येते, फरशीतून खाली जात नाही, म्हणजे तो त्रास फक्त मला. "हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घे ना, त्यात हलणारं काही नसतंच" हे मला माहितीये, कृपया सांगू नका, इतके टेराबाइट हलवायचे पैसे कोण देणार ते सांगा.

दोन रात्री सुखाच्या गेल्या. काल खालून छताला काठी. टक्‌ टक्‌. मला काहीही ऐकू येत नव्हतं, शपथेवर सांगतो. तरी झाकण उघडलं तर इलॅस्टिक सैल पडून खालच्या डिस्कचा एक कोपरा पत्र्याला जेमतेम टेकलेला. मशीन बंद केलं, पट्टा ओढून पुन्हा गाठ मारली, चालू केलं.

खालून काठी आली, एकदाच. पोच असावी. आणि मग टीव्ही सुरू झाला.