वाफा माझा, फुले काकांची

झेंडूचे बी मी मागितले नव्हते. तरीही ते आता माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, कारण नर्सरीवाल्याकडे वीस रुपये सुटे नव्हते, त्याच्या पत्र्याच्या शेडखाली मोबाइलला नेटवर्क नव्हते, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका पूर्णपणे अनोळखी गृहस्थांनी “ताईंना झेंडू देऊन टाक, हिशेब बरोबर होईल,” असा निवाडा परस्पर देऊन टाकला. त्या निवाड्यावर अपील करण्याची सोय नव्हती.

मला हवी होती ती कापून फुलदाणीत ठेवण्याची फुले. विकत आणलेल्या गुच्छाची तिसऱ्या दिवशी मान पडते आणि पाण्याला वास सुटतो, हे पुरेसे सोसून झाल्यावर कुंपणाच्या भिंतीलगतचा एक वाफा केवळ कापणीच्या फुलांसाठी राखून ठेवावा, असे मी ठरवले. अशा वाफ्यातील फुलांची निवड शोभेच्या बागेपेक्षा निराळी असते. फूल झाडावर सुंदर दिसते एवढ्याने भागत नाही. त्याचा दांडा लांब आणि ताठ हवा, पाण्यात त्याने आठवडाभर तग धरायला हवा, आणि कापल्यावर झाडाने रुसून न बसता पानांच्या बगलेतून नवे फुटवे काढायला हवेत. ऑक्टोबरचा आरंभ म्हणजे आमच्या इंदूरला हिवाळी फुले पेरण्याचा काळ. म्हणून सुदामानगरच्या रस्त्यालगतच्या एका नर्सरीत मी यादी घेऊन गेले आणि झिनिया, ॲस्टर, स्नॅपड्रॅगन, ग्लॅडिओलस, स्टॅटिस, शेवंती ही नावे मोठ्याने वाचली. त्या गृहस्थांना तेवढे निमंत्रण पुरले.

वय सत्तरीच्या आसपास असावे. धुवट पांढरा सदरा, कपाळावर सकाळच्या पूजेचे अष्टगंध, आणि खांद्याला कापडी पिशवी, जिच्यातून बांबूच्या काठीचे तोंड वर आले होते. त्या तोंडाला जाड तार वाकवून, वर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून बसवली होती, आणि तारेचे टोक वापरून वापरून चकाकत होते. ही आकडी होती. आमच्या भागात पहाटे फिरायला निघणाऱ्या बऱ्याच मंडळींच्या हाती ती असते, आणि माझी जास्वंद, तगर व मोगरा वर्षानुवर्षे तिच्याच मार्फत घराबाहेर पडत आले आहेत.

“फुलदाणीत ठेवायला?” काकांनी विचारले. “म्हणजे देवाला नाही?”

“देवालाही वाहीन,” मी म्हटले, “पण मुख्यतः फुलदाणीसाठी.”

“मुख्यतः!” ते नर्सरीवाल्याकडे पाहून उद्गारले, आणि त्या पोराने “अब क्या बोलें, भिया,” असे म्हणून त्यांच्या दुःखात सहभाग नोंदवला. त्यानंतर काकांनी माझ्या हातातील यादी न मागताच घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ धरली.

“ग्लॅडिओलस काढून टाका. तो आकडीला येत नाही. वरून ओढला की मधेच मोडतो. शिवाय खाली एक फूल उमललेले आणि वर सगळ्या कळ्या. कळ्या देवाला वाहत नाहीत.”

वस्तुतः ग्लॅडिओलस घ्यायचा तो याच गुणासाठी. सर्वांत खालच्या एकदोन कळ्यांनी रंग दाखवताच दांडा कापला, तर उरलेल्या कळ्या पाण्यात एकेक करून उमलत वर जातात. डेलियाचे नेमके उलट. त्याची कळी कापली तर ती कळीच राहते, म्हणून फूल जवळजवळ पूर्ण उघडल्यावरच कात्री लावायची. हे सर्व मी त्यांना समजावून सांगू लागले आणि अर्ध्यावर थांबले, कारण ‘आकडीला येत नाही’ या शब्दांचा अर्थ मला तेव्हा कुठे पोहोचला होता. हा माणूस माझ्या अजून न पेरलेल्या फुलांविषयी, ती चोरायला सोयीची पडतील की नाही एवढ्या एकाच निकषावर मला सल्ला देत होता, आणि तोही अत्यंत आपुलकीने.

स्नॅपड्रॅगनला आमच्याकडील नर्सऱ्यांत डॉग फ्लॉवर म्हणतात. त्या नावाशी काका अडखळले. “कुत्र्याच्या नावाचे फूल,” ते नाराजीने म्हणाले; मग थोडा विचार करून त्यांनी सवलत दिली. “गुरुवारी चालून जाईल. दत्तापाशी चार कुत्री आहेतच. खंडोबाचीही हरकत नसावी.”

झिनियाला मात्र त्यांनी तत्काळ मंजुरी दिली. “लावा. भरपूर लावा. पण हे असे मिक्स पाकीट नको. सोमवारी शंकराला पांढरी लागतात, मंगळवारी गणपतीला लाल, गुरुवारी पिवळी, शुक्रवारी देवीला परत लाल. म्हणजे लाल दुप्पट धरा.”

त्या सबंध संभाषणात मला सर्वाधिक चीड कशाची आली असेल, तर मिक्स पाकिटाबद्दल त्यांचे आणि माझे एकमत झाले याची. फुलदाणीत एका रंगाची दहा फुले जी शोभा आणतात, ती सात रंगांची दहा फुले आणू शकत नाहीत. परंतु पाकिटावर ‘मिक्स’ असे छापले की बियाणेवाल्यांची जबाबदारी संपते, आणि केवळ पांढरी झिनिया हवी असलेल्या गिऱ्हाइकाने सगळे रंग दोन महिने पाणी घालून वाढवावेत व मग नको ते उपटावेत, अशी अपेक्षा असते. नर्सरीवाल्याने यावर “दीदी, मिक्स ही आता है,” एवढेच सांगितले आणि पाकीट पुढे सरकवले.

स्टॅटिसच्या चित्राकडे काका बराच वेळ पाहत राहिले. “हे ताजे आहे की वाळलेले?”

“दोन्ही,” मी म्हणाले. “याच्या पाकळ्या कागदासारख्या असतात. उलटे टांगून वाळवले तर कित्येक महिने रंग टिकतो.”

“म्हणजे झाडावरच निर्माल्य!” त्यांनी यादी माझ्याकडे परत केली. “हे कोण नेणार?”

मी स्टॅटिसची पाकिटे दुप्पट घेतली.

शेवंतीचे नाव निघताच त्यांचा चेहरा उजळला. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना ती हवीच, नर्सरीत वाढलेली रोपे मिळतात तीच न्या, असा त्यांनी आग्रह धरला. माझी अडचण मी त्यांना सांगितली. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब आणि अखंड काळोखी रात्र लागते; रात्री तिच्यावर उजेड पडत राहिला तर ती नुसती पाने वाढवीत बसते. फुले लांबणीवर टाकायची असतील तेव्हा मोठे उत्पादक शेतात मुद्दाम दिवे लावतात. आमच्याकडे ही सेवा विनामूल्य आहे, कारण शेजाऱ्यांनी आपल्या मोटारीच्या राखणीसाठी लावलेला हॅलोजन रात्रभर थेट माझ्या वाफ्यावर पडतो.

“मग दिवा बंद करायला सांगा ना,” काका कळवळून म्हणाले, आणि लगेच, बोटाने हवेत खूण करीत, “नाही, नको, राहू द्या. पहाटे पाचला आम्हाला मग काहीच दिसत नाही.”

येथे माझा संयम सुटला. “काका,” मी म्हणाले, “दुसऱ्याच्या झाडावरची फुले न विचारता नेणे याला चोरी म्हणतात.”

“देवाच्या फुलाला चोरी लागत नाही, ताई,” ते मुळीच न रागावता म्हणाले.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि ते पहिल्यांदा कोणी उच्चारले हे कळले असते तर त्याच्या अंगणात जाऊन मी त्याची अबोली उपटून आणली असती. लिंबाला चोरी लागते, कढीपत्त्याला लागते, वांग्याला तर लागतेच. फक्त फुलाला लागत नाही, कारण ते देवाच्या नावावर नेले जाते. माझ्या घरीही देव आहेत, हा मुद्दा कोणी विचारात घेत नाही. पहाटे मोगऱ्याची डहाळी ओरबाडताना खाली सालही सोलून निघते, उद्या उमलणाऱ्या जास्वंदीच्या कळ्यासुद्धा आजच जातात, आणि माझ्या सासूबाई पूजेला बसल्या की रिकाम्या परडीकडे पाहून ‘पुष्पार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणत तांदळाचे दाणे वाहतात. तेव्हा त्या कोणाला काही बोलत नाहीत. मला बोलतात.

काकांचे प्रतिपादन तेवढ्यावर थांबले नाही. “आम्ही शेंडे खुडतो म्हणून तुमच्या झाडांना फुटवे येतात,” ते म्हणाले. “जितकी तोडाल तितकी फुलतात. बी धरले की झाड संपले समजा. आणि तोडायची ती पहाटेच, ऊन चढल्यावर फूल मलूल होते.”

यातील एकही विधान मला खोडता आले नाही. स्नॅपड्रॅगनचे रोप वीतभर होण्याआधी त्याचा शेंडा खुडला तर एका दांड्याऐवजी अनेक दांडे मिळतात. झिनिया आणि कॉसमॉस कापत राहिले तर फुलत राहतात. रात्रभरात दांडे पाण्याने भरलेले असतात, म्हणून कापणीची उत्तम वेळ सूर्योदयाच्या सुमाराची. कापणीच्या बागेचे जे नियम मी मोठ्या कष्टाने वाचून वहीत उतरवले होते, ते सर्व या माणसाला आकडीसह पाठ होते. आमच्या दोघांत फरक इतकाच, की मी कात्रीने तिरका छेद देणार होते, आणि वाफा माझा होता. एका गोष्टीत तेवढी मी सरस ठरले. झिनियाच्या फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवावा, मान डुलली तर फूल अजून कच्चे आहे आणि पाण्यात टिकणार नाही, ही परीक्षा त्यांना ठाऊक नव्हती. ती मी त्यांना सांगितली. का सांगितली, कोणास ठाऊक.

ग्लॅडिओलसचे कंद मी हट्टाने घेतलेच, आणि त्यांच्यासाठी गादीवाफा करावा लागणार म्हणून वाळू व खताचे पोतेही मागितले. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ असे माळव्याच्या ज्या काळ्या मातीचे वर्णन करतात, तिच्यात पाणी खरोखरच पावलोपावली साठून राहते, आणि कंद कुजायला तेवढे पुरते. खतासाठी पैसे मोजताना इंदूरकरास थोडी लाज वाटायला हवी. शेतातल्या पालापाचोळ्याचे आणि शेणाचे थर रचून, ते उलथून कंपोस्ट करण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात याच शहरातील संशोधन संस्थेत बसवली, आणि 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड या आपल्या मराठी माणसाचे नाव आहे. आणि मी त्या शहरात खताचे पोते विकत घेत होते.

काकांना पोते पाहून नवा युक्तिवाद सुचला. त्यांच्याकडची बरीचशी फुले खजराण्याच्या गणपतीला जातात. तेथे निर्माल्याचे खत करतात. ते खत बागांना जाते. “म्हणजे बघा ताई, तुमचीच फुले फिरून तुम्हाला परत मिळतात.”

“विकत,” मी म्हणाले.

“पोत्याचे पैसे लागणारच ना,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

सुट्या पैशांचा प्रश्न निघाला तो येथे. “ही सगळी विलायती फुले घेतलीत,” काका म्हणाले, “आपले एक तरी असू द्या,” आणि नर्सरीवाल्याने झेंडूचे पाकीट माझ्या पिशवीत टाकले. झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे, निशिगंधही तिकडचाच, हे सांगितल्यावाचून मला राहवले नाही. तिकडे नोव्हेंबरच्या आरंभी मृत नातलगांसाठी घरोघरी झेंडूची आरास करतात, अशीही भर मी घातली.

काका क्षणभर थांबले. “म्हणजे त्यांची सर्वपित्री,” ते म्हणाले. “मग आपलाच झाला की.”

झेंडूवर माझा व्यक्तिशः राग नाही. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना तो आवर घालतो, आणि पाण्यातही बऱ्यापैकी टिकतो. पण वीस रुपये ते वीस रुपये. ऑक्टोबरात पेरलेला झेंडू दसऱ्याला येत नाही, दिवाळीलाही येत नाही. तो येईल तेव्हा बाजारात त्याला कोणी विचारणार नाही आणि आमच्या भिंतीवरून मात्र तो बिनबोभाट जाईल.

पोते स्कूटरवर चढवायला काकांनीच मदत केली. त्यांनी माझा पत्ता विचारला नाही, याचे मला बरे वाटले होते. मी किल्ली फिरवली तेव्हा ते जवळ आले.

“तुमचे ते निळे फाटक ना?” ते म्हणाले. “त्याच्या कडीला जरा तेल घाला. पहाटे फार वाजते, घरातल्यांची झोपमोड होत असेल.”

हा सर्व प्रकार मी घरी साग्रसंगीत सांगितला. आकडी, आठवड्याचे रंग, हॅलोजन, खजराण्याचे खत, काहीही वगळले नाही. आमच्या ह्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि “कडी वाजते खरी,” एवढाच अभिप्राय दिला. रविवारी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी शोधून त्यांनी कडीला तेल घातले, आणि हात भरलेच आहेत तर म्हणून दोन्ही बिजागऱ्यांनाही.