आभाळात दुकान कसं थाटावं

उपग्रहांवरून इंटरनेट विकायचं तर सगळ्यात आधी उपग्रहांचा आकडा ठरवा. उपग्रह, रॉकेट, गिऱ्हाईक ही सगळी मागून येणारी कामं. आकडा सांगताना लाजू नका. १९९०च्या दशकात टेलिडेसिक नावाच्या कंपनीने ८४० उपग्रह सोडण्याची घोषणा केली होती. पाठीशी बिल गेट्स आणि मोबाइल फोनच्या धंद्यात कमावलेले क्रेग मॅकॉ. पुढे ८४०चे २८८ झाले आणि २००२मध्ये काम थांबलं, तेव्हा प्रत्यक्षात वर गेलेला होता एक, तोही चाचणीचा. आज ८४० म्हणालात तर गुंतवणूकदार चहालाही थांबणार नाही. रवांडाने २०२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे सव्वातीन लाखांहून अधिक उपग्रहांची नोंद केली. अर्जाला रॉकेट जोडावं लागत नाही.

मुदतीची फार चिंता नको. अर्जानंतर सात वर्षांत फ्रिक्वेन्सी वापरात आणायची. त्यापुढे २०१९च्या नियमाप्रमाणे दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत ५० टक्के आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर असले पाहिजेत. एवढ्या काळात तुमचं आधीचं संचालक मंडळ निवृत्त होऊन पुण्यात रो-हाउस घेऊन बसेल. अमेरिकेचा दूरसंचार नियामक एफसीसी मात्र जरा तिरसट आहे. त्याने ॲमेझॉनला जुलै २०२०मध्ये ३,२३६ उपग्रहांचा परवाना दिला आणि त्यातले निम्मे, म्हणजे १,६१८, जुलै २०२६च्या आत वर हवेत असं बजावलं. ॲमेझॉनने सेवेसाठीचे पहिले २७ उपग्रह सोडले एप्रिल २०२५मध्ये. पहिली पावणेपाच वर्षं विचारविनिमयात गेलेली बरी असतात.

आता रॉकेट. रॉकेट स्वतःचं नसेल तर दुसऱ्याचं घ्या, पण त्याचा मूड बघून. वनवेब या ब्रिटिश उपग्रह-इंटरनेट कंपनीचे ३६ उपग्रह मार्च २०२२मध्ये कझाकस्तानातल्या बैकोनूरला रशियन सोयुझवर चढवून तयार होते. युक्रेनवर हल्ला होऊन आठवडा झालेला. रशियाने अट घातली: ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा सोडावा आणि या उपग्रहांचा लष्करी वापर होणार नाही अशी हमी द्यावी. लंडनने नकार दिला. उपग्रह तिकडेच अडकले. मग ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ने श्रीहरीकोट्याहून ३६-३६ उपग्रह वर नेले, आणि काही खेपा चक्क स्पेसएक्सने, जिची स्वतःचीच स्टारलिंक नावाची इंटरनेट सेवा आहे. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा, त्यालाच भाडं. ॲमेझॉननेही पुढे तेच केलं. यात कमीपणा मानू नका. प्रतिस्पर्धी तुमचा माल जपून नेतो, कारण पुढच्या खेपेचं भाडंही त्यालाच हवं असतं.

वर गेलेला उपग्रह ही मालमत्ता समजू नका, तो नाशवंत माल आहे. ५५० किलोमीटरवर हवा विरळ असली तरी असते, इंधन संपतं, आणि आयुष्य धरायचं पाचेक वर्षं. समजा तुमचे ७,००० उपग्रह आहेत. पाच वर्षांनी भागा: वर्षाला १,४००, म्हणजे रोज जवळपास चार नवे, आणि तेही आहे तिथेच राहण्यासाठी. ताळेबंदात घसारा लिहिणाऱ्या सीएला आधी पाणी द्या, मग हा आकडा सांगा. मधूनच सूर्यही हात मारतो. ३ फेब्रुवारी २०२२ला सोडलेल्या ४९ स्टारलिंकपैकी चाळीसपर्यंत उपग्रह काही दिवसांत गेले. बिघडलेला नग लवकर जळून जावा म्हणून नवे उपग्रह तेव्हा आधी २१० किलोमीटरवरच सोडत. सौर वादळाने वरची हवा तापून फुगली, ओढ वाढली, आणि चांगले नगही बिघडलेल्यांच्या वाटेने गेले. विमा एजंटला हे सांगू नका.

इथवर सोपं होतं. आता गिऱ्हाइकाकडे वळू.

तुमचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीची फेरी मारतो. पृथ्वीवर ७१ टक्के पाणी. त्यात सहारा, सैबेरिया आणि कोणीच राहत नाही अशी बाकीची जमीन मिळवा. एसटीने पूर्ण मार्ग डिझेल जाळत फिरावं आणि पॅसेंजर दोनच थांब्यांवर चढावेत, तसा हा धंदा. गडचिरोलीवर उपग्रह थांबवून ठेवता येत नाही. थांबवायचा तर ३५,७८६ किलोमीटरवर न्या, पण तिथून सिग्नलला जाऊन-येऊन जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच ‘हॅलो’ म्हणत राहतात. ५५० किलोमीटरवरून तोच प्रवास सात-आठ मिलिसेकंदांचा. जाहिरातीत हा सात-आठ मोठ्या अक्षरांत छापा. उपग्रहाच्या रिकाम्या फेऱ्यांबद्दल छापण्याची गरज नाही.

भूमितीनेही एक बारीक खोडी करून ठेवली आहे. स्टारलिंकचे पुष्कळसे उपग्रह विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करून फिरतात, त्यामुळे त्यांची दाटी ५० अंशांच्या आसपास होते: लंडन, व्हँकुव्हर, म्हणजे जिथे फायबर आधीच घरात आहे. महाराष्ट्राच्या २० अंशांवर ही दाटी जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. गरज जिथे जास्त, तिथे उपग्रह कमी. असं नियोजन सरकारी खात्यालाही मुद्दाम जमलं नसतं.

शहरात विकू म्हणाल तर तेही सुचवत नाही. उपग्रहाच्या सिग्नलचा एक झोत, म्हणजे बीम, जमिनीवर साधारण चोवीस किलोमीटर रुंदीचा घास घेतो, आणि त्यातली क्षमता त्या घासातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. एवढ्या रुंदीत दादर ते ठाणे जेमतेम बसतं. विरारच्या लोकलमध्ये जेवढी जागा मिळते, तेवढीच बँडविड्थ मिळेल. म्हणजे शहरात गर्दी आहे म्हणून जमत नाही, आणि खेड्यात पैसा नाही म्हणून. उरतात जहाजं, विमानं, तेलाच्या विहिरी आणि सैन्य. हे चौघं घासाघीस करत नाहीत. ‘अखेरच्या माणसापर्यंत’ ही घोषणा मात्र गाळू नका, तिच्यावाचून परवाना मिळत नाही.

डिशचं गणितही शिकून घ्या. स्टारलिंकच्या पहिल्या डिशला बनवायला ३,००० डॉलरच्या आसपास खर्च येई आणि ती विकली जाई ४९९ला. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर तोटा वाढे, आणि त्या वाढीला वृद्धी म्हणतात.

ती डिश कोकणात बसवायची तर काय करावं? गच्चीवरची सगळ्यात सोयीची जागा निवडा, म्हणजे फणसाखाली. डिशला शंभर अंशांहून रुंद मोकळं आकाश लागतं आणि आपल्याकडे ती उत्तरेला थोडी कलते, कारण दाटी तिकडे. ॲपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशभर फिरवला की अडथळे लाल दिसतात. ते लाल ठिपके शोभेचे समजून सोडून द्या. दर पंधरा सेकंदांनी कोणत्या उपग्रहाशी बोलायचं हे नव्याने ठरतं, आणि तो नेमका फांदीमागे असला तर काही सेकंद शून्य. यूट्यूबला पत्ता लागत नाही, बफर भरलेला असतो. ऑनलाइन तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीला लागतो.

पावसाळ्यात गिऱ्हाइकाचे फोन येतील. घरची डिश साधारण १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झवर ऐकते, आणि जोराच्या सरीत थेंब हा सिग्नल खातात. पण गेटवे, म्हणजे उपग्रहाला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारं केंद्र, बोलतो त्याहून वरच्या पट्ट्यात, तिथे पाऊस आणखी खादाड. म्हणून कधी कधी रत्नागिरीत लख्ख ऊन आणि नेट बंद, कारण शेकडो किलोमीटरवरच्या गेटवेवर ढग फुटलेले. उपाय सोपा: पुरेसे दूर दूर, जास्तीचे गेटवे बांधा. ते महाग पडतं, म्हणून त्याऐवजी ‘राउटर बंद करून चालू करा’ हे वाक्य पाठ करा.

विजेचं माहितीपत्रकात टाकू नका. डिश सरासरी ७५ वॉट खाते असं धरलं तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. लोडशेडिंगमध्ये घरच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण उतरवायची नाही ही शिस्त धरली, की हाती १,१००च्या आसपास. डिश त्यावर चौदा-पंधरा तास चालेल, अट एवढीच की घरात पंखा लावायचा नाही.

भारतात यायचं तर पैसे आधी आणि परवाना नंतर, असा क्रम ठेवू नका. तो २०२१मध्ये करून झाला आहे. स्टारलिंकने ९९ डॉलर घेऊन पाच हजारांवर आगाऊ नोंदण्या घेतल्या, नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने लोकांना सावध केलं, आणि पैसे परत करावे लागले. उलट क्रमही तपासलेला आहे. वनवेबला ऑगस्ट २०२१मध्ये परवाना मिळाला, आणि २०२५ उजाडलं तरी स्पेक्ट्रमचा दर ठरलेला नव्हता. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५मध्ये शिफारस केली: समायोजित महसुलाच्या ४ टक्के, शिवाय शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये. जुलैत स्टारलिंकच्या २० लाख ग्राहकांच्या मर्यादेची गोष्ट केंद्रीय राज्यमंत्र्यांनीच सांगून टाकली. देशात इंटरनेटची जोडणी असलेले नव्वद कोटींच्या वर. तेव्हा बाजारपेठ मोजताना नव्वद कोटी लिहा आणि वीस लाख तळटीपेत.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम. शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कचेऱ्या. यातून धडा घ्या: खेड्यातला गरीब गिऱ्हाईक होत नसेल, तर त्याच्या वतीने सरकारला गिऱ्हाईक करा. फक्त आरोग्य केंद्राच्या छपरावर चढून पानं कोण झाडणार आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोण घालणार, हे करारात विचारू नका. वातावरण बिघडतं.

एवढं करून दिवाळं निघालं तर घाबरू नका, तो या धंद्यातला नेहमीचा टप्पा आहे. इरिडियमने सुमारे पाच अब्ज डॉलर घालून ६६ उपग्रहांची फोनसेवा १९९८च्या नोव्हेंबरात सुरू केली. फोन विटेएवढा, किंमत ३,००० डॉलरच्या घरात, आणि छपराखाली चालायचा नाही. ऑगस्ट १९९९मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. २०००च्या अखेरीस सगळा पसारा अडीच कोटी डॉलरच्या आसपास विकला गेला, आणि लगेच पेंटागॉनने ७.२ कोटींचं दोन वर्षांचं कंत्राट दिलं. वनवेबने २१ मार्च २०२०ला ३४ उपग्रह सोडले आणि २७ मार्चला, शुक्रवार बघून, दिवाळखोरीत गेली. ब्रिटिश सरकार आणि एअरटेलवाली भारती यांनी ५०-५० कोटी डॉलर घालून ती उचलली. वरचे ७४ उपग्रह त्यात आले, पण खरी किंमत होती फ्रिक्वेन्सीच्या नोंदीची. पहिल्या मालकाने घातलेलं दुसऱ्याला इतकं स्वस्तात पडतं. तेव्हा मेव्हण्याला आत्ताच सांगून ठेवा, थोडे पैसे बाजूला ठेव म्हणावं.