शिकवणे एवढेच महाविद्यालयाचे काम?

महाविद्यालयांतील समुपदेशन केंद्रे, आरोग्य तपासण्या आणि विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्यासाठी केलेल्या इतर सोयी यांच्याविरुद्ध एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की पूर्वीच्या पिढ्या असल्या कुठल्याही आधाराविना, कष्ट काढूनच शिकल्या आणि घडल्या. आजची मुले नाजूक झाली असून ताणतणावाविषयी सारखे बोलत राहिल्याने ती अधिकच नाजूक होतात. ज्याला खरोखर आजार असेल त्याने बाहेर डॉक्टरकडे जावे. स्वास्थ्याचे कार्यक्रम हा बहुतेक ठिकाणी नुसता देखावा असतो. आणि महाविद्यालयाने फक्त शिकवावे, हा पैसा ग्रंथालय आणि प्रयोगशाळांवर खर्च करावा. शिक्षणाचा कस उतरू नये ही त्यामागची काळजी रास्त आहे. पण मजकुरातील एकेक विधान वेगळे काढून तपासले, तर त्यातले फारच थोडे टिकते.

पूर्वी असे काही नव्हते, हे विधान इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाने १८६१ साली एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरांची आरोग्य आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे प्राध्यापक म्हणून नेमणूक केली, कारण विद्यार्थ्यांची प्रकृती अभ्यासाच्या ओझ्याखाली वारंवार ढासळते, ही तेथील प्रमुखांची तक्रार होती. प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० साली विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा सुरू झाली, तीही बुद्धीने कुठेही कमी नसलेले विद्यार्थी भावनिक अडचणींमुळे शिक्षण अर्धवट सोडून जात होते म्हणून. म्हणजे ज्याला आजचे फॅड म्हटले जाते, त्याचे वय शतकाहून अधिक आहे. ज्या महाविद्यालयांत अशी सोय नव्हती, तेथेही सगळे घडले असे नाही. जे मध्येच गळाले, ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाहीत आणि ‘आम्हाला कुठे काय झाले’ असे लिहायलाही उरत नाहीत. शिवाय वर्गात बसणारा समाजही बदलला आहे. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २००० साली जगभरात सुमारे १० कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, आज ती संख्या २५ कोटींच्या पुढे आहे. घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारे, नोकरी करून शिकणारे, अपंगत्व किंवा जुना आजार घेऊन येणारे असे कितीतरी विद्यार्थी आज वर्गात आहेत, ज्यांना पूर्वी प्रवेशद्वारापर्यंतही पोहोचता येत नसे.

मुले नाजूक झाली आहेत, या दुसऱ्या विधानात साधा ताण आणि खरा आजार या दोन गोष्टींची सरमिसळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पात ८ देशांतील १९ महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाच्या सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांना प्रश्नावली देण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांमध्ये मागील १२ महिन्यांत नैराश्य, चिंताविकार, व्यसन यांसारख्या किमान एका विकाराची लक्षणे आढळली. प्रश्नावलीत लक्षणे आढळणे म्हणजे डॉक्टरांनी केलेले निदान नव्हे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड हा आजार नव्हे, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मान्यच केले पाहिजे. पण म्हणून सगळेच आकडे लाडावलेपणाच्या खात्यात टाकता येत नाहीत. जगभरातील १९२ अभ्यास एकत्र करून २०२२ साली झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की मानसिक विकार होणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या २५ वर्षांच्या आत झालेली असते. महाविद्यालयाची वर्षे नेमकी या काळात येतात. त्यामुळे आजाराची पहिली चाहूल लागते तेव्हा अनेकांच्या बाबतीत आसपास असतात ते प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि खोलीतील सोबती.

बोलल्याने त्रास वाढतो, ही समजूत तर उघड हानिकारक आहे. आत्महत्येचा विषय काढला तर मनात नसलेला विचार रुजेल, या भीतीने शिक्षक आणि पालक गप्प बसतात. ही भीती खरी आहे का, हे न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर तपासण्यात आले आणि २००५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारले गेले, त्यांची अस्वस्थता न विचारलेल्यांपेक्षा वाढली नाही. उलट आधीच नैराश्यात असलेल्यांपैकी ज्यांना विचारले गेले, त्यांची अस्वस्थता न विचारलेल्यांपेक्षा कमी असल्याचे दिसले. हे विद्यार्थी शाळेतील होते, पण पुढील काळातील इतर संशोधनानेही, प्रौढांसह, हीच दिशा दाखवली आहे.

ज्याला गरज असेल त्याने बाहेर डॉक्टरकडे जावे, हा सल्ला वरकरणी शहाणपणाचा वाटतो. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या, घरापासून प्रथमच दूर आलेल्या मुलाला आपल्याला नेमके काय होत आहे हे ओळखणे, योग्य डॉक्टर शोधणे, शुल्क भरणे आणि तास न बुडवता वेळ काढणे हे सर्व एकट्याने जमेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. आवारातील समुपदेशक डॉक्टरची जागा घेत नाही. कोणाला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, कोणाला दोन-चार भेटी पुरतील आणि कोणाला केवळ विषय बदलून हवा आहे, हे तो लवकर निवडून काढतो, आणि परीक्षा विभागाशी बोलणे त्याला बाहेरच्या डॉक्टरपेक्षा सोपे जाते. शरीराच्या आजारांचेही असेच आहे. वसतिगृहातील दाटीत मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे मेनिंगोकॉकलसारखे संसर्ग सहज पसरतात आणि तेथे लसीकरणाची व्यवस्था प्रत्येकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

महाविद्यालयाने फक्त शिकवावे, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण विद्यार्थ्याचे आरोग्य ही त्याची खासगी बाब असून महाविद्यालय तिच्यात बाहेरून लुडबुड करते, असा त्याचा पाया आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. विद्यार्थ्याने किती वाजता उठायचे, एका आठवड्यात किती चाचण्या द्यायच्या, खाणावळ किती वाजता बंद होते, हे महाविद्यालयच ठरवत असते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात संशोधकांनी वाय-फाय जोडणीच्या नोंदींवरून २३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची हजेरी तपासली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सकाळी आठच्या तासांना उपस्थिती लक्षणीय कमी होती, अनेक विद्यार्थी तास सुरू होऊन गेल्यानंतरही झोपलेले होते, आणि जे वेळेवर आले त्यांनी त्यासाठी झोप गमावलेली होती. आठवड्यात सकाळचे तास असलेले दिवस जितके जास्त, तितके गुणही कमी आढळले. याला आळस म्हणणे सोपे आहे. पण या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे झुकलेले असते, हे निद्राशास्त्रात चांगले प्रस्थापित आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील तीन विद्यापीठांतील प्रथम वर्षाच्या ६०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्राच्या सुरुवातीच्या काळात रोजची सरासरी झोप एका तासाने कमी असेल, तर सत्राअखेरचा श्रेणी-गुणांक (जीपीए, म्हणजे सर्व विषयांतील श्रेणींची सरासरी) ०.०७ ने कमी असल्याचे त्यात दिसले. आकडा लहान आहे आणि संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. तरी आधीचे गुण विचारात घेऊनही तो फरक उरला. एमआयटीतील २०१९ च्या एका लहान अभ्यासात परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध सापडला नाही, तो सापडला आधीच्या आठवड्यांतील झोपेशी. हे समजल्यावर ‘परीक्षेआधी नीट झोपा’ असा फलक लावण्यापेक्षा सर्व विभागांनी एकत्र बसून प्रकल्प जमा करण्याच्या तारखा विखुरणे अधिक उपयोगी, हे ओघानेच येते. त्याला खर्चही जवळपास शून्य आहे.

खर्चाचेच म्हणायचे, तर नैराश्य असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण कमी राहतात आणि शिक्षण सोडण्याची शक्यता वाढते, हे अमेरिकी संशोधक डॅनियल आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले आहे. विद्यार्थी दुसऱ्या वर्षी निघून गेला, तर त्याच्यावर झालेला ग्रंथालयाचा आणि प्रयोगशाळेचा खर्चही वायाच जातो.

कष्टाने माणूस घडतो, या युक्तिवादाला उत्तर द्यायचे तर कष्टांमध्ये भेद करावा लागतो. अवघड सिद्धता सोडवताना होणारा त्रास शिक्षणाचा भाग आहे. उपाशीपोटी किंवा चार तासांच्या झोपेवर ती सोडवण्याचा त्रास शिक्षणाचा भाग नाही. दुसरा कमी केल्याने पहिला कमी होत नाही, आणि प्रश्नपत्रिका सोपी करा असे येथे कोणी म्हणत नाही.

मजकुरातील एक टीका मात्र मी मान्य करतो. स्वास्थ्य सप्ताह, व्याख्यान, फलक आणि छायाचित्रे एवढ्यावर अनेक ठिकाणी हे काम संपते. सगळ्यांना सरसकट एकच कार्यक्रम देण्याचा फायदाही गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांत सजगतेच्या (माइंडफुलनेस) प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा वेगळा लाभ आढळला नाही. पण असा देखावा हे काम बंद करण्याचे कारण ठरत नाही. ज्यांना पैशाचा हिशेब हवा आहे, त्यांनी आपल्या महाविद्यालयाला समुपदेशकाची वेळ मागितल्यापासून पहिली भेट होईपर्यंत किती दिवस लागतात, आजारी पडलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेची पुढची तारीख मिळण्यासाठी किती सह्या गोळा कराव्या लागतात, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत विद्यार्थ्यांचा कोणी प्रतिनिधी असतो का, हे लेखी विचारावे.