समई न लावताही उजळते

‘उजळणे’ हा ‘प्रकाशित होणे’ याचा काव्यात्म पर्याय असून रोजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. आमच्याकडे साताऱ्यात दसऱ्याआधी माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढून त्यांना चिंच आणि मीठ लावताना आजी मला ‘समया उजळायला घे’ असेच सांगत असे, आणि तेव्हा त्या समयांत वात तर सोडाच, तेलाचा थेंबही नसे. सोनार दागिने उजळून देतो, मुले पाढ्यांची उजळणी करतात, आळ टळलेला माणूस उजळ माथ्याने फिरतो. यांपैकी एकाही ठिकाणी ‘प्रकाशित’ चालणार नाही (तो शब्द आता बहुतांशी पुस्तकांच्याच वाट्याला गेला आहे).

‘उजळ’ हा शब्द संस्कृत ‘उज्ज्वल’वरून आला आणि त्यातला ‘ज्वल्’ हा धातू जळण्याचा आहे. मराठीने मात्र बहुतेक ठिकाणी त्यातली आग बाजूला ठेवून झळाळी तेवढी घेतली. म्हणूनच त्रिपुरी पौर्णिमेला साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटावर पणती प्रज्वलित होते आणि घाट उजळतो. घाटच प्रज्वलित झाला असे कोणी लिहिले, तर वाचक अग्निशमन दलाला फोन लावील. ‘तिचा चेहरा प्रकाशित झाला’ हे त्या लेखातील उदाहरणवाक्य याच कारणाने कृत्रिम वाटते, कारण उजळलेल्या चेहऱ्यावर उजेड बाहेरून पडलेला नसतो, मूळचीच कांती वर आलेली असते, घासलेल्या समईसारखी.