हिरकणी गडावर होती आणि बाळ घरी

आमच्या घरच्या ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली. माझी मावसबहीण अमरावतीला असते, एमपीएससी करतेय, बाळ साडेतीन महिन्यांचं आणि पूर्वपरीक्षा तोंडावर. एकाच दिवशी दोन पेपर, एक सकाळी एक दुपारी, सेंटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने ग्रुपवर एवढंच विचारलं की हाताचा साधा पंप घेऊन थोडं दूध काढून ठेवलं आणि त्या दिवशी सासूबाईंनी पाजलं तर चालेल ना. झालं. काढलेलं दूध शिळं होतं, मशीन लावलं की दूध आटतं, एकदा वरून द्यायला लागलीस की बाळ अंगावर प्यायचं सोडतं, आणि एका काकूंनी तर सरळ लिहिलं की परीक्षा काय पुढच्या वर्षीही असते. दुसऱ्या बाजूने पुण्याच्या वहिनीचा मेसेज, की आत्तापासूनच दिवसातून चार वेळा पंप कर, फ्रीजर भरून ठेव, मग तू मोकळी. दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत आणि काळजीनेच बोलतायत हे मला कळतं, पण तिने विचारलं होतं एका दिवसाचं आणि उत्तरं आली आख्ख्या आईपणाची.

मी जर्मनीत राहते, स्टुटगार्टजवळ. मुलगी अंगावरच पिते, आणि मी कधीतरी पंप करते. कधीतरी म्हणजे खरंच कधीतरी, एखाद्या आठवड्यात दोनदा, एखाद्या आठवड्यात अजिबात नाही. या "कधीतरी"बद्दल कोणी बोलत नाही असं मला सारखं वाटत राहतं, कारण सगळी चर्चा एकतर पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईबद्दल असते नाहीतर नोकरीवर जाऊन रोज पंप करणाऱ्या आईबद्दल.

इथे पंप माझ्या घरी आला तो दूध साकळलं म्हणून. एका बाजूला गाठ धरली, अंगात कणकण, हात वर करता येईना. इथे बाळंतपणानंतर हेबामे म्हणजे सुईण घरी येते, तिचे पैसे आरोग्य विमा भरतो. तिने आधी बाळाला त्याच बाजूला पाजायला लावलं, मग हाताने दूध कसं काढायचं ते दाखवलं, बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवून छातीच्या दिशेने दाबायचं आणि मग पुढे, ओढायचं नाही. मग गार क्वार्क कापडावर पसरून लावायला सांगितलं. क्वार्क म्हणजे आपला चक्काच समजा, आणि माझ्या आईने ते बघून फक्त "आमच्याकडे कोबीचं पान ठेवायचे" एवढंच म्हटलं, म्हणजे दोघींचं एकमेकींना बरोबर कळलं. डॉक्टरने चिठ्ठी दिली आणि औषधांच्या दुकानातून पंप भाड्याने मिळाला. मोटरचा डबा दुकानाचा, तो परत करायचा, आणि अंगाला लागणारे भाग आपले स्वतःचे. दुकानातल्या बाईने पेट्रोलपंपावर पावती फाडावी इतक्या सहज कागद पुढे केला, सही घेतली. कोणी भुवई उंचावली नाही, कोणी आवाज बारीक केला नाही.

गाठ बरी झाली पण पंप थोडे दिवस ठेवला आणि नंतर मी स्वतःचा एक लहानसा विकत घेतला, कारण मला संध्याकाळच्या व्यायामाच्या क्लासला जायचं होतं. बाळंतपणात ओटीपोटाचे आणि खालचे स्नायू सैल होतात, त्यासाठीचे वर्ग इथे विम्यातून मिळतात, काही बाळासकट आणि काही बाळाशिवाय, आणि मला मिळाला तो बाळाशिवायचा. जाणं-येणं धरून दोन तास. त्या दोन तासांसाठी सकाळी पहिलं पाजून झालं की दुसऱ्या बाजूने थोडं काढून ठेवायचं. सकाळी दूध जास्त असतं, रात्री प्रोलॅक्टिन म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन वर गेलेलं असतं त्यामुळे, आणि तरी माझं कधी ४० मिली निघतं कधी ६०, एवढंच. अंगावर पाजणाऱ्या बाईचं दोन पाजण्यांच्या मधे इतकंच निघतं, त्यावरून आपल्याला दूध कमी आहे असा निष्कर्ष काढू नका हे मी प्रत्येक नव्या आईला हात जोडून सांगते. बाळ जितकं ओढतं तितकं मशीन ओढत नाही. पान्हा फुटायला बाळाचा वास लागतो, आवाज लागतो, पंपाच्या प्लास्टिकच्या नरसाळ्याला शरीर लगेच ओळख देत नाही.

आणि म्हणूनच वहिनीचा फ्रीजर भरायचा सल्लाही मला पटत नाही. ते फोटो अमेरिकेतून येतात, पिशव्यांच्या पिशव्या रचून ठेवलेल्या. माझी चुलतबहीण तिथे टेक्सासला आहे, तिला मी विचारलं तर तिचं म्हणणं असं की तिथे देशभराचा कायदा १२ आठवड्यांची रजा देतो आणि तीही बिनपगारी आणि तीही ५० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत नाही, मग बाई करणार काय, तिसऱ्या महिन्यात ऑफिसला जाऊन दर तीन तासांनी पंप. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये नवा कायदा झाला, की बाळ एक वर्षाचं होईपर्यंत पंप करायला वेळ द्यायचा आणि जागा द्यायची आणि ती जागा टॉयलेट नको. टॉयलेट नको हे कायद्यात लिहावं लागतं यातच काय ते आलं. म्हणजे तो फ्रीजर रजा नाही म्हणून भरलेला आहे. ज्या बाईचं बाळ दिवसभर कुशीत आहे तिने तो फोटो बघून चार वेळा पंप केला तर शरीराला वाटतं जुळी आहेत, दूध वाढतं, छाती दाटते, पुन्हा गाठी, पुन्हा ताप. गरज नसताना जास्त काढण्याने होणारा त्रास मी इथल्या दोन मैत्रिणींमध्ये बघितलाय.

जर्मनीत आई-बाबा मिळून १४ महिन्यांपर्यंत भत्ता घेऊ शकतात, त्यामुळे माझ्या ओळखीच्या बहुतेक बायका वर्षभर घरी असतात. कामावर लवकर गेलीच तर कायद्याने रोज निदान दोनदा अर्धा तास किंवा एकदा एक तास बाळाला पाजायला मिळतो, पहिले १२ महिने. छान आहे. पण इथे पंपाने काढलेलं दूध पाजायला घरात माणूस कोण? नवरा, तो मीटिंगमध्ये नसेल तर. आई आली होती तेव्हाचे दिवस वेगळेच होते, पण तिचा व्हिसा ९० दिवसांचा, ती गेली आणि क्लासचे दोन तास परत अवघड झाले. शेजारीण गोड आहे, पण तिच्याकडे बाळ द्यायचं तर आधी वेळ ठरवायची, दिवस ठरवायचा. माझ्या बहिणीकडे सासूबाई आहेत, मोठी जाऊ आहे, वरच्या मजल्यावर चुलत सासू, तीन घरं पलीकडे माहेर. इतक्या मांड्या आहेत बाळ घ्यायला. मला खरंच पोटातून वाटतं की जिथे एवढी माणसं आहेत तिथे एका बाईला एक दिवस बाहेर पडायला तर सगळ्यात सोपं जायला हवं.

आता शिळ्याचं. आईचं दूध खोलीत चार तास चांगलं राहतं, पण ती खोली २५ डिग्रीपर्यंतची धरलेली असते, अमरावतीच्या मे महिन्यातली नाही, तिथे काढलं की लगेच फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये मला इथे तीन दिवस सांगितलेत, अमेरिकेत चार सांगतात. दारात ठेवायचं नाही, आत मागे ठेवायचं, लाईट जास्त वेळ गेली तर वापरायचं नाही. फ्रीजमधून काढलं की वर सायीचा थर आणि खाली निळसर पातळ दिसतं, आणि ते बघून माझी आईसुद्धा म्हणाली होती की अगं हे फाटलंय. फाटलेलं नसतं. वाटी गरम पाण्यात ठेवली, हलक्या हाताने फिरवलं की एकजीव होतं. मायक्रोवेव्ह नको. नंतर माझी आईच ते दूध कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघायची आणि वाटी-चमच्याने पाजायची, मी क्लासहून येईपर्यंत नात झोपलेली असायची. वाटी-चमच्याने दिलं तर बाटलीच्या सवयीचा प्रश्नही बराचसा सुटतो, आपल्याकडचे डॉक्टर तेच सांगतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत काढून दिलेलं आईचं दूध हे सहा महिने "फक्त आईचं दूध" यातच मोडतं. आमच्या घरात चांदीचं बोंडलं आहे, त्याने दोन पिढ्यांना पाणी घातलेलं गाईचं दूध पाजलंय, आणि ते कौतुकाने सांगतात. त्याच घरात आईचं स्वतःचं दूध वाटीतून दिलं तर ते शिळं कसं काय?

खरं दुखणं दुधाचं नाहीच. दुखणं आहे ते आई बाळापासून लांब गेली याचं. आपले कायदेसुद्धा आई आणि बाळ एकत्रच असतील असं धरून चालतात. १९६१ च्या कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायची सुट्टी दिली, २०१७ मध्ये रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आणि चार वेळा तिथे जायची मुभा आली. चांगलं झालं, अमेरिकेपेक्षा कितीतरी चांगलं, आणि हे मी इथे बसून अभिमानाने सांगते, जरी शेतात आणि घरकामाला जाणाऱ्या बाईपर्यंत ते पोचत नाही. पण बाळ घरी आहे आणि आई चार तास बाहेर, ही बाई त्यात कुठेच नाही.

हिरकणी कक्षांचंच बघा. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, विधानभवनात कक्ष झाला, पुढच्याच वर्षी मुंबईला तिथली धूळ आणि गैरसोय बघून त्यांनी ती बोलून दाखवली, बातम्या झाल्या. बोलल्या ते फार बरं केलं. मला मात्र तेव्हापासून ती गोष्ट डोक्यातून जात नाही. हिरकणी गडावर दूध घालायला गेली, कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाले, बाळ खाली घरी भुकेलं, म्हणून ती कडा उतरली. तिच्याजवळ बाळ नव्हतं हीच तर तिची अडचण! आणि तिच्या नावाने आपण ज्या खोल्या केल्या त्या बाळ जवळ असलेल्या आईसाठी. सुट्टीत गेले होते तेव्हा एका एसटी स्टँडवर मी कक्षात पंप करायला गेले, तर तिथे बसलेल्या बाईंनी विचारलं, बाळ कुठंय? बाळ नाही तर आत कशाला? त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना तसंच सांगितलेलं असणार. आत बाकडं होतं, पडदा होता, हात धुवायला नळ नव्हता आणि प्लगही नव्हता.

परीक्षेच्या दिवशी माझ्या बहिणीचं नेमकं तेच होणार. बाळाला वाटीतून मिळेल, पण तिचं काय, सकाळपासून पाजलेलं नाही, दुसऱ्या पेपरला बसेपर्यंत छाती दाटून ठणकायला लागेल, ड्रेस ओला होईल, आणि ती गणितं सोडवणार. अमेरिकेत २००७ मध्ये मेडिकलच्या एका विद्यार्थिनीला परीक्षेत दूध काढायला जास्तीचा वेळ मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं होतं, आणि कोर्टाने तो दिला. आपल्याकडे तर दोन पेपरांच्या मधे वेळ आहेच, कोर्टाची गरज नाही. हवी एक कडी लागणारी खोली, खुर्ची, नळ. शाळा-कॉलेजात सेंटर असतात, रिकामा वर्ग रविवारी मिळतोच.

बहिणीला मी फोनवर सांगितलं की आठवडाभर आधीपासून रोज सकाळी एका बाजूने थोडं काढ, आधीचं फ्रीजरला, शेवटच्या दोन दिवसांचं खाली, आणि सासूबाईंना आत्तापासूनच एकदा-दोनदा वाटीने पाजू दे, म्हणजे त्यांचाही हात बसेल आणि बाळालाही कळेल. त्या दिवशी पंप बॅगेत ने आणि मधल्या सुट्टीत काढ, ते दूध नाही टिकलं तर टाकून दे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सासूबाई फोनवर आल्या आणि त्यांचा एकच प्रश्न होता, साय वर आली तर काढून टाकायची का. नाही म्हटलं, तीच तर ठेवायची.

सेंटरवर खोली मिळेल का हे मात्र ती विचारायला कचरतेय. विचार गं, आणि तुझ्याबरोबर परीक्षेला बसणाऱ्या बाकीच्या आयांनीही विचारा, लेखी विचारा. हॉलतिकिटावर मोबाईल आणू नका, स्मार्टवॉच आणू नका अशा इतक्या ओळी छापतात, तिथे दूध काढण्यासाठी खोली कुठे आहे त्याची एक ओळ मावते.