लोट्याची मशिनं आणि सिनसिनाटीचा वकील

सध्या आमच्या खेड-चिपळूणवाल्यांच्या ग्रुपवर एकच भांडण चालूय. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाची पीफास (पाण्यात, अंगात वर्षानुवर्षं टिकून राहणारी रसायनं) बनवणारी कंपनी होती, 2018 मध्ये बंद पडली, तिथलं पाणी नासवल्याबद्दल 2025 मध्ये 11 अधिकाऱ्यांना कोर्टाने शिक्षा सुनावली, आणि तिचीच मशिनं लिलावात घेऊन आपल्या खेडजवळच्या लोटे गावच्या एमआयडीसीत आणली. अर्धे म्हणतात इटलीची घाण आमच्या गळ्यात कशाला, अर्धे म्हणतात पोरांना नोकऱ्या कोण देणार, आणि मग कोणीतरी मला टॅग करतं, तुमच्या अमेरिकेत चाललं असतं का असलं?

अहो, चाललंच की, वर्षानुवर्षं. मी राहतो त्या सिनसिनाटीत रॉब बिलॉट म्हणून वकील आहे, गडी आधी केमिकल कंपन्यांच्याच बाजूने लढायचा. 1998 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातला विल्बर टेनंट नावाचा शेतकरी खोकी भरून व्हिडिओ कॅसेटी घेऊन त्याच्या ऑफिसात आला. ओढ्यावर फेस, मेलेल्या गाई, आणि गुरांचा डॉक्टर हात लावेना म्हणून याने स्वतःच त्या कापून दाखवलेलं काळीज-आतडी. बिलॉटने तिथल्या ड्यूपाँट या केमिकल कंपनीवर केस टाकली, कोर्टाच्या ऑर्डरमुळे कंपनीला आपलेच कागद द्यावे लागले, लाखाच्या वर पानं, ती तो फरशीवर बसून महिनोन्‌महिने तारखेप्रमाणे लावत होता, आणि त्यातून निघालं की टेफ्लॉनसाठी लागणारं पीएफओए, म्हणजे पीफासातलंच एक रसायन, घातक आहे हे कंपनीला कधीपासून माहीत होतं. पुढे सुमारे 69,000 लोकांनी तपासणीसाठी रक्त दिलं, 2012 पर्यंत पीएफओएचा सहा आजारांशी संबंध निघाला, 2017 मध्ये साडेतीन हजार केसेस 67 कोटी डॉलरला मिटल्या. भोपाळला 1989 मध्ये 47 कोटी डॉलर मिळाले होते, आणि तिथली माणसं किती ते तुम्हीच मोजा.

म्हणून मला मशिनं आली की नाही यापेक्षा असा वकील आपल्याकडे पोट कसं भरेल याची काळजी जास्त वाटते. इथे केस जिंकली तरच फी, बहुतेक तिसरा हिस्सा. (त्यापायी दुपारी टीव्ही लावला की ‘मेसोथेलिओमा (अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर) झालाय? फोन करा’, शिसारी येते अगदी.) आपल्याकडे निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच बंदी. मग लोट्याजवळच्या दाभोळ खाडीतला भोई, ज्याचे हाल पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीनेही लिहून ठेवलेत, तो तज्ज्ञ, लॅब, वकील यांचे पैसे आणणार कुठून? हरित लवादाकडे भरपाई मागायला मुदत पाच वर्षांची, आणि कॅन्सर तर वीस-वीस वर्षांनीही वर येतो.

तेव्हा भांडायचंच असेल तर यावर भांडा: लोट्याच्या आसपासच्या विहिरींचं पाणी आणि लोकांचं रक्त पीफाससाठी आत्ताच तपासून आकडे लिहून ठेवा, नाहीतर उद्या कोर्टात कंपनी म्हणेल हे आधीपासूनच होतं. आमदारांकडे सभामंडप मागता ना दरवर्षी, यंदा हे मागा.