विमानाच्या पोटात शिरू इच्छिणाऱ्या कास्तकारपुत्रांस काही उपयुक्त सूचना

विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणून रुजू होण्यासाठी मुंबई गाठायचे तुमचे ठरले असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. हा निर्णय तुमचा एकट्याचा नाही, याची कल्पना आहे, त्यात हमीभावाच्या खाली विकलेल्या सोयाबीनचा, बोंडअळीने पोखरलेल्या पऱ्हाटीचा आणि "पोट्टा काय करते?" या प्रश्नाला "वावर पायते" असे प्रामाणिक उत्तर मिळाल्यामुळे चहा अर्धा टाकून उठलेल्या पाहुण्यांचा मोठा वाटा आहे. तरीही पानठेल्यावर कोणी विचारलेच, तर आपल्याला लहानपणापासून विमानांची ओढ होती, असेच सांगावे. डवऱ्यामागे चालताना डोक्यावरून गेलेले विमान तुम्ही मान वर करून पाहिले असणारच. तेवढा पुरावा गावाला पुरतो.

जवळपासच विमानतळ शोधण्याच्या फंदात मात्र पडू नये. अमरावतीजवळ बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले खरे. परंतु सत्तरेक आसनांच्या त्या दोन पंख्यांच्या विमानाला खाली जेवढी माणसे लागतात, त्याहून अधिक चेहरे स्वागताच्या फ्लेक्सवर असावेत. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, पण ती वाढवायची का आणि वाढवायची तर कृषी विद्यापीठाची किती जमीन घ्यायची, ही चर्चा ऐकत एक अख्खी पिढी नोकरीच्या वयाची झाली. राहिले नागपूर. तिथे सोनेगावच्या विमानतळालगत मिहान या मालवाहतूक विमानतळ आणि उद्योगांच्या प्रकल्पासाठी शिवणगावसारख्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या कामासाठीची विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली, विमाने दुरुस्त करण्याचा मोठा कारखानाही उभा राहिला. तरी नागपूरला जाऊ नका. नागपुरात तुमच्या गावातला कोणी ना कोणी दर आठवड्याला पेशंट घेऊन मेडिकलला येतो, आणि तुम्ही नेमके काय काम करता हे महिन्याभरात गावाला कळते. मुंबई बडनेऱ्यापासूनच साडेसहाशे किलोमीटर आहे. ज्या नोकरीचा मान टिकवायचा, ती निदान एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतकी दूर असावी.

जाण्यापूर्वी तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर जी एव्हिएशन अकॅडमी उघडली आहे, तिथे प्रवेश घेण्यास विसरू नये. तिच्या फलकावर हवाई सुंदरीचे चित्र आहे, त्याअर्थी नोकरी विमानाशीच संबंधित आहे, याबद्दल शंका उरत नाही. सामान चढवणाऱ्या माणसाला दहावी पास असणे आणि थोडे इंग्रजी वाचता येणे एवढेच लागते; म्हणूनच बी.ए. झालेल्या मुलाने त्यासाठी वर्षभराचा डिप्लोमा करावा, हे ओघाने आले. तिथे टाय बांधायला, आरशात पाहून हसायला आणि "हॅव अ प्लेझंट फ्लाइट" म्हणायला शिकवतात. पुढे तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचे आहे त्या सुटकेसा असल्या, तरी शिष्टाचार वाया जात नाही. बापाने फीसाठी गोऱ्हा विकायला काढला, तर त्याला अडवू नये. कर्ज काढून मिळालेल्या नोकरीकडे घरातले लोक अधिक आदराने पाहतात. याच सुमारास एखाद्या अनोळखी नंबरवरून फोन येईल, तुमची थेट निवड झाल्याचे सांगेल आणि गेट पास, युनिफॉर्म व वैद्यकीय तपासणी यांचे पैसे आधी भरायला लावील. तेही भरावेत. पैसे न मागता कोणी नोकरी देत असेल, यावर आपल्याकडे तसाही कोणाचा विश्वास बसत नाही.

खऱ्या भरतीला जाताना भाकरी अधिक घ्याव्यात. १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत विमानतळाजवळच्या कलिन्याला अशीच एक भरती झाली होती. सामान चढवणे-उतरवणे आणि तत्सम कामांच्या २,२१६ जागा होत्या, करार तीन वर्षांचा, पगार साधारण २० ते २५ हजारांच्या घरात. आले किती, याबद्दल कोणी १५ हजार म्हणाले, कोणी २५ हजार; बुलढाणा जिल्ह्यातून चारशे किलोमीटर तुडवत आलेलीही मुले त्यात होती. फाटकाशी इतकी रेटारेटी झाली की शेवटी बायोडाटा ठेवा आणि घरी जा, असे सांगण्यात आले. तुम्ही यात निराशाजनक असे काही पाहू नका. खताच्या रांगेत आणि कापूस खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन रात्रभर ज्याने नंबर लावला आहे, त्याच्या अनुभवाचा उपयोग करून घेण्याची ही पहिलीच संधी होती. पदव्युत्तर पदवीची गुणपत्रिका मात्र फाइलच्या तळाशी ठेवावी. तुमच्या पुढच्याने त्याची तळाशीच ठेवलेली असते.

निवड झाली की चारित्र्य तपासले जाते, कारण विमानतळाच्या आतल्या भागात पासाशिवाय पाऊल ठेवता येत नाही आणि पास पोलीस पडताळणीशिवाय मिळत नाही. हा नियम चांगलाच आहे. अडचण एवढीच, की सोयाबीनला भाव मिळावा म्हणून मागे कधी तुम्ही हायवेवर टायर पेटवायला गेला असाल आणि ठाण्याच्या कागदात तुमचे नाव राहून गेले असेल, तर ज्या भावापायी गाव सोडायची वेळ आली, त्या भावासाठी भांडल्यामुळे गाव सोडता येणार नाही. म्हणून होतकरू तरुणांनी आंदोलनाच्या दिवशी घरी बसावे आणि मोबाइलवरून पाठिंबा द्यावा.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सोयरिकीकडे वळू. नोकरी पोटासाठी असते, असे म्हणणाऱ्याने अलीकडे वऱ्हाडात मुलगी मागून पाहिलेली नाही. बायोडाटावर "एव्हिएशन सेक्टर, मुंबई" एवढेच लिहावे. कराराची मुदत लिहिण्याची पद्धत नाही. मुलीच्या मामाने "तुम्ही विमानात असता काय?" असे विचारले, तर "रोज" असे उत्तर द्यावे. ते अक्षरशः खरे आहे, आणि विमानाच्या कोणत्या भागात, हा पुढचा प्रश्न मामाला सुचत नाही. पगार विचारल्यास ओव्हरटाइम धरून सांगावा. मुलीचे वडील लगेच शेती किती आहे, हेही विचारतील, तेव्हा गोंधळून जाऊ नये. त्यांना वावर असलेला मुलगा हवा आहे, पण वावरात जाणारा नको आहे. शेती सात-बाऱ्यावर असावी, अंगावर दिसू नये, अशी त्यांची साधी अपेक्षा असते. तेव्हा पाच एकरांचा उतारा एका खिशात आणि विमानतळाचा पास दुसऱ्या खिशात, अशी तयारी ठेवावी. पास गळ्यात घालून बसलात तर आणखी चांगले. साक्षगंध आटोपेपर्यंत मुंबईतल्या खोलीचा विषय टाळावा. मुलीच्या भावाने फारच आग्रह धरला, तर खोली "एअरपोर्टला लागून" आहे, असे सांगावे. यातही खोटे काही नाही. जरीमरीच्या काही गल्ल्यांत घराची मागची भिंत संपते आणि विमानतळाचे कुंपण सुरू होते.

खोलीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. दहा बाय दहात सहा जण राहतात, पण पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एका वेळी तिघेच झोपलेले असतात. पाळी रात्री दोनला सुटली, तर पहिली लोकल चारच्या सुमारास असते. तोवर फलाटावर बसून वावरात वीज रात्री येते की दिवसा, याची घरी फोन करून चौकशी करता येते. जागलीचा सराव इथे कामी येतो.

कामाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अकॅडमीत ते सांगत नाहीत. विमान जागेवर येऊन थांबले, तरी लगेच त्याच्याकडे धावायचे नसते. त्याच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा तांबडा दिवा लुकलुकत आहे तोवर इंजिन जिवंत आहे, असे धरून चालायचे. दिवा विझला, बंडीच्या चाकाला दगड लावावा तसे चाकांना ठोकळे लागले, की पट्ट्याची गाडी सामानाच्या दाराला भिडते आणि एक-दोन जण त्या पट्ट्यावरून चढून आत शिरतात. बोइंग ७३७ च्या त्या पोटात ताठ उभे राहता येत नाही. गुडघे टेकायचे, मान छातीकडे दाबायची, दारातून येणारी बॅग धरायची, कमरेतून वळायचे आणि मागच्याकडे सरकवायची; मागचा ती भिंतीशी रचतो, वरची फट लहान बॅगेने बुजवतो आणि शेवटी जाळी अडकवतो. हे सगळे अर्ध्या तासाच्या आत, कारण तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे माणसे उतरून तेवढीच पुन्हा चढलेली असतात. बाहेर डांबर आणि काँक्रीट तापलेले असते, कानांवर मफ असतात, घाम हातमोज्यात उतरतो. तुम्ही अकोला-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेले असल्यामुळे मुंबईचे ऊन तुम्हाला किरकोळ वाटेल. हवेतला दमटपणा मात्र तुम्हाला पहिल्या आठवड्यातच तुमची जागा दाखवून देईल.

देशांतर्गत प्रवाशाला सहसा १५ किलो सामान नेता येते, आणि एका नगाचे वजन ३२ किलोच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा विमान कंपन्यांचा जगभरचा दंडक आहे. उचलणाऱ्याच्या पाठीचा एवढा विचार झालेला पाहून ऊर भरून येतो. पाठ एका बॅगेपुरती मोजलेली आहे; एका पाळीत अशा बॅगा किती, हे मोजायचे तेवढे राहून गेले आहे.

परदेशवारीची इच्छा असलेल्यांसाठी एक मार्ग नोंदवून ठेवतो. २०२१ च्या डिसेंबरात मुंबईत सामान भरून थकलेल्या एका लोडरचा बॅगांमागेच डोळा लागला, दार बंद झाले आणि विमान उडाल्यावर त्याला जाग आली. तो अबू धाबीला सुखरूप उतरला. तपासणी झाल्यावर त्याच विमानाने, या खेपेला रीतसर प्रवासी म्हणून, त्याला परत पाठवण्यात आले. विमानाच्या खुर्चीत बसण्याची संधी या नोकरीत मिळतच नाही, असे म्हणणाऱ्यांचे तोंड या उदाहरणाने बंद व्हावे.

आता तुमच्या गावातला एखादा हट्टी म्हातारा असे विचारील, की तालुक्याच्या बाजार समितीत सोयाबीनची ५० किलोची पोती उचलायला तुला लाज वाटत होती, मग तिकडे जाऊन तू काय उचलतोस? त्याच्याशी वाद घालू नका, कारण त्याच्याकडे माहिती आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी झालेल्या हमालाला मंडळ असते, मजुरीवर मालकाने भरायच्या लेव्हीतून, म्हणजे जादा रकमेतून, भविष्य निर्वाह निधी असतो, आणि दर ठरवताना त्याची संघटना समोर बसलेली असते. कागदावर तरी हे सगळे आहे. तुमच्याकडे तीन वर्षांचा करार आहे आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आहे. म्हाताऱ्याला जाकीट दाखवावे. बाजार समितीतल्या हमालाला मुलगी द्यायला त्याच्या पाहण्यातला कोणी तयार आहे काय, एवढेच नम्रपणे विचारावे, म्हणजे तो तंबाखू मळू लागतो.

घरचे लोक विमानासोबतचा फोटो मागतील. आतल्या भागात फोटो काढल्यास पास जाऊ शकतो, म्हणून तो बाहेर, प्रवाशांच्या प्रस्थानद्वाराशी, कोणाची तरी ट्रॉली हातात धरून काढावा. पोळ्याला रजा मिळणार नाही आणि दिवाळीला तर मुळीच नाही, कारण त्या दिवसांत ज्यांना घरी जायचे असते त्यांचे सामान चढवणे हेच तुमचे काम आहे. तुम्ही तुळशीच्या लग्नाच्या सुमारास विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात, दाराशी बॅग टाकून तिच्यावर बसून गावी यावे. फाट्यावर उतरण्यापूर्वी तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट घालावा.

गावात आल्यावर शेजारच्या काकाजींचा मुलगा संध्याकाळी हळूच येईल आणि "दादा, तिकडं एखादी जागा निघाली तं सांगजो" असे म्हणेल. त्याला पाठीवर थाप मारून "सांगतो ना, आपलाच पोट्टा आहे तू" असे तोंडभरून आश्वासन द्यावे, त्याचा बायोडाटा मोबाइलवर मागवून घ्यावा आणि अकॅडमीचा पत्ताही द्यावा. पुढच्या भरतीची तारीख मात्र कळवू नये. तुमचा करार संपेल तेव्हा त्या फाटकासमोर तुम्हालाही पुन्हा उभे राहायचे आहे, आणि त्याचे गुडघे अजून नवे आहेत.